ओल्या लुगड्यातलं विष

नोकरीतल्या दुसऱ्याच पावसाळ्यात मी एका बाईला तिच्या स्वतःच्या ओल्या लुगड्यात नीट गुंडाळलं, वर दवाखान्याचं जाड ब्लँकेट घातलं, चारी बाजूंनी खोचलं आणि जवळजवळ मारलं. जवळजवळ म्हणते, कारण ती मेली नाही. त्याचं श्रेय मला देऊ नका.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे सेवेतल्या गोड आठवणी मागितल्या होत्या. आहेत तशा. बाळंतपणं आहेत, पेढे आहेत, माझं नाव ठेवलेली एक मुलगी आहे, ती आता माझ्याहून जाड झाली आहे. पण मी लिहायला बसले आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या कोपऱ्यावर फवारणी करताना काळजी घ्या असं सांगणारं भलंमोठं पोस्टर लागलं. त्यावर एक हसरा गडी आहे. डोळ्यांना चष्मा, तोंडाला पट्टी, हातात मोजे, पायात गमबूट. आपल्याकडच्या उन्हात हे सगळं अंगावर चढवून तो हसतोय, म्हणजे त्यानं कधी पंप पाठीवर घेतलेला नाही हे उघड आहे. ते एक सोडा. त्याच्या शेजारची बाई कुठे आहे? त्याला पाणी आणून देणारी, औषध कालवणारी, पंप भरून देणारी? ती पोस्टरवर कधीच नसते. मी घरी आले, भाजीची पिशवी आदळली आणि गोड आठवणी रद्द केल्या.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. सगळी नोकरी बीड जिल्ह्यातच गेली. कधी केजच्या बाजूला, कधी माजलगावच्या, मध्ये काही वर्षं परळीला, जिथे वीज केंद्राच्या राखेनं धुतलेली पांढरी टोपी वाळेपर्यंत राखाडी व्हायची. कुठेही बदली झाली तरी कापसाला बोंडं धरायच्या दिवसांत आमचा वॉर्ड एकाच वासानं भरायचा. लसूण कुजल्यासारखा आणि त्यात रॉकेल मिसळल्यासारखा. तो वास नाकात गेला की आम्ही कुणाला काही न विचारता फवारणीच्या विषावर द्यायच्या ॲट्रोपिनच्या काचेच्या कुप्या फोडायला बसायचो. फोडून फोडून अंगठ्याला चिरा पडायच्या. घरी पोळ्या लाटताना त्या चिरांत मीठ जायचं.

त्या वेळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढे तुम्हाला हसायला सोपं जाईल. कडक स्टार्चची टोपी आणि तिला इतक्या पिना, की मान वळवली तर टोपी आधी वळायची आणि मी नंतर. चादरीचे कोपरे असे टोकदार दुमडायची, की पेशंटला आत झोपायची भीती वाटे. परीक्षेत पहिली आलेली, आणि हे दिवसातून एकदा तरी कुणाला तरी कळेल अशी व्यवस्था मी करत असे. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी एक वाक्य बजावलं होतं, पेशंटची अब्रू ही सिस्टरची जबाबदारी. ते मी पाठ केलं होतं. पाठ केलेलं मी लगेच वापरून टाकायची. विचार नंतर, वेळ मिळाला तर.

त्या दुपारी दिंद्रुडकडच्या एका वस्तीवरून जीप आली. मागे मुक्ता आडवी घातलेली. पंचविशीच्या आतबाहेरची असेल. तोंडाला फेस, नाक आणि डोळे वाहतायत, लुगडं खालून खराब झालेलं, आणि दंडावरची कातडी अशी फडफडत होती की आत काहीतरी पळतंय असं वाटावं. सोबत शेताचे मालक. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं भली आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. तर मालक म्हणजे पांढरे कडक कपडे आणि शांत आवाज.

"प्याली," ते म्हणाले. "घरात सासूसंगं भांडण झालं अन् फवारणीचं औषध प्याली. आमाला दिसल्याबरोबर उचलून आणली."

मी विश्वास ठेवला. मला तेव्हा वाटायचं इस्त्रीचे कपडे खोटं बोलत नाहीत. माझेही इस्त्रीचेच असत ना.

आमचे डॉक्टर नवेच होते, लातूरकडचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी बॅटरीचा उजेड डोळ्यांत पाडला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. छातीला कान लावायचीही गरज नव्हती, आतली घरघर दारातून ऐकू येत होती. ॲट्रोपिन सुरू झालं. प्याली म्हणतात म्हटल्यावर नाकातून नळी घालून पोट धुवायचं काम माझ्याकडे आलं. ते मी चोख केलं. त्याबद्दल अजूनही कुणी बोट दाखवणार नाही.

मग मी तिच्याकडे पाहिलं. काष्टा सुटलेला, पदर कुठल्या कुठे. मालकांची माणसं खिडकीत उभी. बायका आणि पुरुष पेशंटांच्या मध्ये एकच पडदा, तोही अर्ध्यावर फाटलेला. मला माझं पाठ केलेलं वाक्य आठवलं. लुगडं ओलं होतं, ते मला कळलं. पाणी वाहताना भिजली असेल असं वाटलं. मी काष्टा सारखा केला, पदर घट्ट आवळून छातीवर खोचला, आणि थंडी वाजू नये म्हणून वरून ब्लँकेट. लांब उभी राहून पाहिलं. अगदी फोटो काढावा अशी दिसत होती.

थोड्या वेळात घरघर थांबली, छाती कोरडी झाली, बाहुल्या उघडल्या. डॉक्टर चहाला गेले. ते परत येतात तोवर पुन्हा फेस. पुन्हा कुप्या फोडल्या, पुन्हा छाती कोरडी, आणि पुन्हा थोड्या वेळानं तेच. बुडाला भोक असलेल्या घागरीत पाणी भरत राहावं तसं चाललं होतं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर तिच्या उशाशीच उभे राहिले.

"सिस्टर, पोटातून काय निघालं?"

"भाकरीचे तुकडे सर. आणि ठेचा."

"औषधाचा वास?"

मी बरणी आणून दाखवली. त्या पाण्याला मिरचीचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

"मग विष येतंय कुठून?" असं म्हणत ते वाकले आणि ब्लँकेटपाशी थांबले. "हिचं लुगडं कुठंय?"

"अंगावरच आहे सर. मी नीट नेसवलंय." हे मी अभिमानानं सांगितलं, हे लक्षात ठेवा.

त्यांनी ब्लँकेटचा कोपरा उचलला. तो वास असा वर आला की पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. डॉक्टर मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, स्वतः दाराबाहेर पाठ करून उभे राहिले आणि तिथून म्हणाले, "अंगावरचं सगळं काढा. साबणानं धुवा, केस, नखं, काखा, सगळं. पुन्हा धुवा. हातमोजे घालून. तुम्ही तिला विषाच्या पोतेऱ्यात बांधून ठेवलंय."

आमची आया शेवंतामावशी लुगड्याचे वेढे सोडत गेली. नऊ वार लुगडं, आणि कमरेभोवतीचे आतले वेढे सगळ्यात जास्त भिजलेले. पाठीवर आणि मांड्यांवर कातडी लाल झालेली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पांढुरका, साय धरल्यासारखा थर. प्यायलेल्या बाईच्या ओठाला विष असतं. हिच्या ओठाला काही नव्हतं. हिच्या कोपराला होतं. शेवंतामावशीनं तो हात माझ्यापुढे धरला.

"ही कालवत होती गं बाई," ती म्हणाली. "हातानं कालवत होती."

धुतल्यावर मुक्ताची छाती कोरडी झाली ती कोरडीच राहिली.

संध्याकाळचा चहा गार करत डॉक्टरांनी मला ते समजावलं. मी परीक्षेत पहिली आले होते, म्हणजे मला ते नाव पाठ होतं. अर्थ माहीत नव्हता. माझी नात हल्ली तेच शिकते. परवा तिनं मोबाइलवर रंगीत चित्र दाखवलं, कुणीतरी लोकरीचा गुंडा विस्कटून ठेवावा तसं, आणि म्हणाली, "आजी, हे बघ, ॲसिटिलकोलिनएस्टरेज." मी म्हटलं, अगं याला मी सगळी नोकरीभर ओळखते, तोंड आज पाहिलं.

डॉक्टर शेतकऱ्याच्या घरातले, त्यांनी ते असं सांगितलं. शेताला पाणी देताना एक जण दारं धरतो की नाही? पाटाचं पाणी एका वाफ्यात सोडायचं, वाफा भरला की फावड्यानं दार बुजवायचं, मग पुढचा वाफा. आपली नस थेट स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये केसाहून बारीक फट असते. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं, ते फट ओलांडून पलीकडे पोचतं आणि सांगतं, हल, आवळ, लाळ सोड, घाम काढ. निरोप पोचला की काम झालं. पण ते रसायन तिथेच साचून राहिलं तर निरोप संपतच नाही. म्हणून पेशीच्या पृष्ठभागावर, त्या फटीच्या काठालाच, हे एन्झाइम उभं असतं. रसायन आलं की तोडलं, आलं की तोडलं. तो आपला दारं धरणारा गडी. फवारणीचं विष करतं काय, तर त्या गड्याचे हात बांधून टाकतं. पाट चालूच, दार कुणी बुजवत नाही. सगळे वाफे तुडुंब. लाळ वाहते, डोळे वाहतात, पोट सुटतं, छातीत पाणी भरतं. माणूस कोरड्या खाटेवर आतल्या आत बुडतो. स्नायू आधी फडफडतात, मग दमून पडून राहतात.

"मग ॲट्रोपिन त्या गड्याचे हात सोडवतं?" मी विचारलं.

"नाही ना. ते फक्त वाफ्यांचे बांध उंच करतं, पाणी आत शिरू नये म्हणून. तेही सगळ्या वाफ्यांचे नाही. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर त्याचं काही चालत नाही. हात सोडवणारं दुसरं इंजेक्शन आहे, पण उशीर झाला की गाठ पक्की बसते. मग शरीरानं नवा गडी जन्माला घालायचा. त्याला दिवस लागतात."

"आणि बोंडअळीला?"

"तिच्या अंगातही हाच गडी. म्हणून तर ती मरते. विषाला अळी कुठली आणि बाई कुठली कळत नाही."

हे मला तेव्हा कळलं आणि त्या क्षणापासून जो राग आला तो अजून आहे. माझ्यावर होताच. पण मालकांवर जास्त. त्या माणसानं एक शब्द खोटा सांगितला, प्याली, आणि त्या एका शब्दापायी आम्ही पोट धूत बसलो आणि विष पाठीतून आत जात राहिलं. खोटं सांगायचं कारण सरळ होतं. प्याली म्हटलं की भानगड तिच्या घरची. वरून पोलीस केस तिच्यावरच, कारण तेव्हा जीव द्यायला जाणं हाही गुन्हा धरत. शेतात काम करताना विष चढलं म्हटलं की बोट मालकाकडे वळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकीचे जमादार जबाब घ्यायला आले. मालक सोबत. ॲट्रोपिन भरपूर झालं की पेशंट भ्रमिष्टासारखा वागतो. कातडी तापलेली, तोंड सुकलेलं, डोळे मोठे. अशा अवस्थेतल्या एकानं माझ्या देखत सलाइनच्या स्टँडशी बैलाचा सौदा केला होता आणि स्टँड भाव कमी करेना म्हणून रुसून बसला होता. मुक्ता चादरीवरचा कापूस वेचत होती. दोन बोटांनी अलगद, बोंडातून सरकी धरून काढावी तसा, आणि कमरेच्या नसलेल्या ओटीत टाकत होती.

"का प्यालात बाई?" जमादारांनी विचारलं.

"ह्या अंगाचा राहिलाय," मुक्ता म्हणाली. "ओटी भरली. कुठं वतू?"

मालक हसले. "बघा साहेब. डोस्कं आधीपासूनच असलं हाय. हिच्या बोलण्यावर काय जाता?"

डॉक्टर म्हणाले, ती जबाब द्यायच्या स्थितीत नाही. मी जमादारांपुढे पोटातल्या पाण्याची बरणी धरली आणि मग लुगड्याची बांधलेली पिशवी. ते भले होते, दोन्हींचा वास घेतला. बरणीपाशी म्हणाले, "ह्याला ठेच्याचा वास येतोय." पिशवीपाशी वाकले आणि खोकत बाहेर गेले.

मालक अडले नाहीत. "प्यायला गेली, पोरांनी हिसकलं, अंगावर सांडलं. त्यात काय?" आणि ते कोपऱ्यात उकिडव्या बसलेल्या म्हातारीकडे वळले. ती मुक्ताची सासू, गयाबाई. मुक्ताचा नवरा परळीला राखेच्या गाडीवर, त्याला निरोप पोचायचा होता, म्हणून हीच एकटी आली होती. "सांगा की मावशी. भांडण झालतं का न्हाई तुमचं?"

गयाबाई उठली नाही. बसल्या जागेवरून बोलली.

"झालतं की. रोजच होतंय. परवा चुलीवरून झालं, त्याच्या आदी दुधावरून झालं. ही लई तोंडाळ हाय, अन् मी तिच्याहून. भांडणाला प्यायची असती तर पयल्याच साली प्याली असती, मालक. तुमच्या पंपाची वाट कशाला बघितली असती?"

वॉर्डातल्या बायका पदर तोंडाशी नेऊन हसल्या. मालक हसले नाहीत. ते म्हणाले, "सुनंचा जीव वाचावा म्हणून आमी जीप आणली, त्याचं हे फळ." आणि जाताना दारातून, अगदी हळू आवाजात, "तिला जबाबापुरती शुद्ध तर येऊ द्या. बघू."

गयाबाईनं मग मला पंपाचं सांगितलं. पंप गळत होता. मुक्ता विहिरीवरून घागर आणायची, ड्रममध्ये औषध ओतून हातानं ढवळायची, पंप भरायची आणि गड्याच्या पाठीवर चढवायला हात लावायची. प्रत्येक खेपेला थोडं लुगड्यावर. मी विचारलं, डब्यावरची खूण कुणी पाहिली नाही का? तिरका चौकोन असतो, खालच्या अर्ध्यात लाल त्रिकोण, टोक खाली. गयाबाई म्हणाली, "बघितली की. तसला तिकोन तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर बी हाय. आमाला वाटलं दवाखान्याचंच काय तरी हाय, चांगलं असंल."

मी भिंतीकडे पाहिलं. कुटुंबनियोजनाची पाटी होती, दोन मुलं पुरेत, खाली लाल त्रिकोण, टोक खाली. आज इतकी वर्षं झाली, या गोष्टीवर मला हसावं की कुणाची तरी गचांडी धरावी हे ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुक्ता शुद्धीवर आली. पाणी मागितलं, सासूला नावं ठेवली. सगळे सैल झाले. डॉक्टरांनी मला एकच काम नेमून दिलं होतं, दर फेरीला तिला उशीवरून मान उचलायला सांगायचं. मला ते काम हलकं वाटलं होतं. पहिली आलेली ना मी.

"मुक्ता, मान उचल गं."

तिनं डोळे मिटून जोर केला. उशी तशीच. "उठंना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्याच गळ्यात अडकल्यासारखा आला.

डॉक्टर धावतच आले. त्यांनी सांगितलेले तेच हे स्नायू, ज्यांच्यावर ॲट्रोपिनचं चालत नाही. आधी मान पडते, मग श्वास. श्वास देणारं मशीन आमच्याकडे नव्हतं, मोठ्या दवाखान्यात होतं. गाडी काढली. डॉक्टर पुढे, मागे मी, मुक्ता आणि गयाबाई. तोंडावर रबरी मुखवटा आणि त्याला जोडलेला फुगा माझ्या हातात. फुगा दाबला की तिचा श्वास, सोडला की तो संपला. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. खड्डा आला की मुखवटा सरकायचा, हवा बाहेर फुस्स. मी दाताखाली ओठ धरून तो दाबून ठेवायची. माझी टोपी कुठल्या वळणावर पडली ते कळलं नाही. पुन्हा कधी मी इतक्या पिना लावल्या नाहीत.

गयाबाई सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. रागावत होती.

"मरू नको गं," ती सारखी म्हणत होती. "ऐकू येतंय का? मेलीस तर ते म्हणतील तेच खरं हुईल. अन् मी मेल्यावर माझं बी कोन ऐकतंय? उठ, अन् सांग, मग काय करायचं ते कर."

मला हातातला फुगा तेव्हा खऱ्या अर्थानं जड झाला. ही बाई गेली तर नुसती जाणार नव्हती. प्याली म्हणून जाणार होती. वस्तीवर ठेवून आलेली तिची लहान पोरगी मोठी होणार, आणि गावात कुणीही कधीही म्हणणार, हिची आई औषध पिऊन मेली, सासूनं छळली. एक बाई गेली असती, दुसरी तिला मारणारी ठरली असती आणि मालक जीप देणारे म्हणून राहिले असते.

ती मशीनवर होती तोवर त्या मोठ्या दवाखान्यात मला पुन्हा जाता आलं नाही. तिचा नवरा येऊन राहिला होता. आमच्याकडे नुसते निरोप येत. अजून तशीच आहे. बोट हलवलं. नळी काढली. शरीरानं नवा गडी घडवला म्हणायचा, हळूहळू, एकेका वाफ्यासाठी.

आता माझा राग लिहू द्या, जागा राहिली आहे.

आपण विषाला औषध म्हणतो. दुकानदार म्हणतो, मालक म्हणतो, मीही म्हणते, वरती पाहा, किती वेळा लिहून बसले. औषध म्हटलं की हातानं कालवायला कुणाला भीती वाटेल? रक्तातलं हे एन्झाइम किती उरलंय ते सांगणारी तपासणी असते. आमच्याकडून रक्त बाहेर पाठवलं जाई, आणि उत्तर येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असे किंवा गेलेलाच. सप्टेंबरात नेमकं ॲट्रोपिन संपायचं, जणू कापूस दर वर्षी आम्हाला न कळवता उगवतो. कधीमधी साहेब लोक येऊन मोजे आणि पट्ट्या वाटतात, फोटो काढतात. मोजे पुरुषाच्या हाताच्या मापाचे. ज्या बाईचा हात ड्रममध्ये जातो, तिच्या मापाचा मोजा मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही. कारण हिशेबात ती फवारणी करतच नाही. ती फक्त पाणी आणते. पाणी आणणाऱ्या बाईला विष चढलं तर लिहितात चक्कर आली. उन्हानं आली, उपासानं आली, बाई होती म्हणून आली.

आणि दवाखान्यात पोचली तर अब्रू जपायला माझ्यासारख्या हुशार सिस्टर असतातच. मी नंतर नव्या मुलींना शिकवायला लागले तेव्हा पहिला धडा कात्रीचा दिला. गाठ सुटत नसेल तर कापा. त्या लाजायच्या, हळूच हसायच्या. मी त्यांना माझ्या चादरीच्या टोकदार कोपऱ्यांची गोष्ट सांगायची.

मुक्ता तपासणीला आमच्याकडे आली तेव्हा कापूस वेचून झाला होता. बारीक झालेली, चालताना भिंतीला हात लावणारी, पण मान ताठ. अंगावर माझंच एक जुनं पातळ होतं. तिचं लुगडं पिशवीसकट पुरून टाकावं लागलं होतं, म्हणून मोठ्या दवाखान्यात निघताना मी हे पातळ गयाबाईच्या हातात दिलं होतं. जमादार व्हरांड्यात बाकावर बसून जबाब घेत होते. मी आत ड्रेसिंग करता करता कान तिकडे लावला.

"पाणी आणत होते," मुक्ता म्हणत होती. "औषध कालवत होते. पंप गळतोय म्हणून मालकाला सांगितलं. म्हणले, उद्या बघू, आज वारा पडलाय, आजच उरकून घ्या. प्याले न्हाई. ल्ह्या तसं. प्याले न्हाई."

जमादारांनी तसं लिहिलं. मालकांना पुढे काही झालं नाही, ते मी सांगायला नको. पुढच्या वर्षी ते निवडणुकीला उभे राहिले. पण त्या वस्तीवर मुक्ताला कुणी प्याली म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर गयाबाई होतीच.

जबाब संपल्यावर मी तिच्याशेजारी बसले. सांगू की नको असं झालं. मग सांगितलं. तुझं लुगडं मीच आवळलं होतं, खिडकीत पुरुष होते, तुझी लाज जाईल म्हणून. त्यामुळे तू जास्त आजारी पडलीस. माझं चुकलं.

मुक्तानं माझ्या टोपी नसलेल्या डोक्याकडे बघितलं, मग अंगावरच्या माझ्या पातळाकडे, आणि ते गुडघ्यावर सारखं करत म्हणाली,

"बाई, पुन्यांदा अशी कुणी आली तर आदी लुगडं फेडा. जगली तर लाजंल निवांत."